'फोंडा मध्ये' की 'फोंड्यात'? पत्रिका, नोटीस आणि फलक लिहिताना प्रत्यय कसे लावावेत

गोव्यात मराठीतून रोज काही ना काही छापले जाते. जत्रेची पत्रिका, देवस्थानाच्या महाजनांच्या सभेची नोटीस, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रण, भजन स्पर्धेचे पोस्टर, तिठ्यावरचा फलक. मजकूर मनापासून लिहिलेला असतो, छपाईवर खर्चही झालेला असतो, आणि पहिल्याच ओळीत 'फोंडा मध्ये', 'म्हापसा चे', 'महिला साठी' असे तुटलेले शब्द दिसतात. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण मजकुराची पत जाते. कधी कधी अर्थही चुकतो: 'मुलाचे नाटक' आणि 'मुलांचे नाटक' यांत एका टिंबाचा फरक आहे, आणि त्या टिंबावर रंगमंचावर एक मुलगा आहे की तीस, हे ठरते.

या चुका व्याकरण येत नाही म्हणून होतात असे मला वाटत नाही. बोलताना कोणीही 'फोंडा मध्ये जातो' म्हणत नाही. 'फोंड्याला जातो' असेच म्हणतो. लिहिताना क्रम उलटा होतो. मूळ शब्द आधी लिहिला जातो आणि प्रत्यय नंतर आठवतो, म्हणून तो सुटा राहतो. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द स्वतः बदलतो. त्या बदललेल्या रूपाला शाळेत आपण सामान्यरूप म्हणत होतो. म्हणून खाली दिलेल्या टप्प्यांचा क्रम सोडू नका. नियम पाठ नसले तरी चालेल, क्रम मात्र पाळायला हवा.

तयारी: लिहायला बसण्याआधी

मजकूर लिहिण्याआधी एका कागदावर तीन याद्या करा. पहिल्या यादीत गावांची आणि ठिकाणांची नावे, दुसरीत देवांची, माणसांची आणि संस्थांची नावे, तिसरीत इंग्रजी शब्द, आकडे आणि आद्याक्षरांची नावे. प्रत्येक नाव मूळ रूपात लिहा: फोंड्यातली जत्रा असेल तर 'फोंडा', देवळासमोर कार्यक्रम असेल तर 'देऊळ'.

गावाच्या नावाचे मूळ मराठी रूप कोणते, हे इथेच ठरवून टाका. रोमन लिपीतल्या पाटीवरून नाव उतरवले की गडबड होते. मापुसा, बिचोलीम, सांकेलीम, पेरनेम, केपेम ही रूपे रोमन स्पेलिंगावरून आलेली. मराठी मजकुरात म्हापसा, डिचोली, साखळी, पेडणे, केपे. पायाच चुकला तर पुढचे सामान्यरूप बरोबर येणार नाही.

संस्थेचे नाव मात्र नोंदणीच्या कागदावर जसे असेल तसेच यादीत लिहा. तिथे आपली सुधारणा नको.

टप्पा १: एक की अनेक, हे आधी ठरवा

प्रत्यय लावण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे एकाबद्दल आहे, अनेकांबद्दल आहे, की एकाच माणसाबद्दल आदराने आहे? अनेकवचन असेल किंवा आदरार्थी उल्लेख असेल, तर सामान्यरूपावर अनुस्वार येतो आणि त्यानंतर प्रत्यय.

भाविकाने म्हणजे एका भाविकाने. भाविकांनी म्हणजे पुष्कळांनी. सरपंच एकच असले तरी आदराने लिहिताना 'सरपंचांच्या हस्ते'. मंत्री असतील तर 'मंत्र्यांच्या हस्ते'. 'मंत्रीच्या हस्ते' हे रूप मराठीत बसत नाही.

'ने' आणि 'नी' यांची अदलाबदल फार होते. 'ने' एकवचनाचा, 'नी' अनेकवचनाचा. मंडळाने, समितीने, पंचायतीने. पण सदस्यांनी, महाजनांनी, शिक्षकांनी. मंडळात माणसे कितीही असली तरी मंडळ एकच, म्हणून 'मंडळानी' चूक. 'नी' लिहिला आणि त्याआधीच्या अक्षरावर अनुस्वार नसेल, तर दोहोंपैकी एक नक्की चुकले आहे.

आता गोव्यातल्या लेखकाने जास्त जपायची गोष्ट. आपण कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत वाचतो. कोकणीत 'घरांत', 'गोंयांत', 'पणजेंत' असा अनुस्वार एकाच ठिकाणाबद्दल बोलतानाही येतो, आणि कोकणीत तो बरोबरच आहे. मराठीत 'घरात' म्हणजे एका घरात आणि 'घरांत' म्हणजे अनेक घरांत. जुन्या मराठी पुस्तकांवर वाढलेली आपली ज्येष्ठ मंडळीही 'देवळांत', 'सभेंत' असे लिहितात, कारण त्यांच्या वाचनातल्या मराठीत असे अनुस्वार होते. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले आणि अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार ठेवला. म्हणून आजच्या मराठी मजकुरात तो अनुस्वार थेट संख्या सांगतो. वडीलधाऱ्यांनी लिहून दिलेला मजकूर उतरवताना हे सौम्यपणे बदला, आणि का बदलले ते त्यांना सांगा.

तपासा: मजकुरातला 'ांच', 'ांन', 'ांस', 'ांत' असलेला प्रत्येक शब्द बोटाने दाखवून विचारा, 'हे खरेच अनेक आहेत का, किंवा आदराने म्हटले आहे का?'

टप्पा २: मूळ शब्द बदला

आता शब्दाचे सामान्यरूप करा. कानाला विचारलेत तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते. चूक होते ती हात मूळ रूप तसेच लिहून टाकतो म्हणून.

जत्रा, सभा, शाळा, स्पर्धा, पत्रिका, अग्रशाळा (देवळाच्या आवारातली भाविकांच्या निवासाची इमारत) या आकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचा शेवट 'ए' होतो: जत्रेत, सभेला, शाळेचा, स्पर्धेसाठी, पत्रिकेवर, अग्रशाळेत. नाका, तालुका, शिमगा, काला, धक्का या पुल्लिंगी शब्दांत 'या' येतो: नाक्यावर, तालुक्यात, शिमग्याचा, काल्याला, धक्क्यावर. शेवटी 'सा' असेल तर त्याचा 'शा' होतो: पैसा, पैशाचा, घसा, घशाला. 'पैश्याचा' लिहू नका. हा नियम पुढे म्हापशासाठी लागणार आहे.

काही शब्द आतूनही बदलतात. देऊळ, देवळात. पाऊस, पावसामुळे. माणूस, माणसाला. तारीख, तारखेला. 'देऊळात' आणि 'तारीखेला' ही रूपे पत्रिकांवर सर्रास दिसतात, ती टाळा.

यानंतर ऱ्हस्वदीर्घ. उपान्त्य अक्षर, म्हणजे शेवटून दुसरे, दीर्घ ई किंवा ऊ असेल, तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होते: मिरवणूक, मिरवणुकीत, निवडणूक, निवडणुकीसाठी, बक्षीस, बक्षिसांचे, पूल, पुलावर, जमीन, जमिनीचा, वकील, वकिलांना. नव्या झुवारी पुलावरून जाताना 'पू' ऱ्हस्व होतो, हे लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप येतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद: परीक्षेत, शरीराला, गीताचा, रूपाने. त्यांना हात लावू नका.

सावधान: समासातला नियम वेगळा आहे. एकटा शब्द 'मूर्ती', पण 'मूर्तिकार'. 'भक्ती', पण 'भक्तिगीत'. 'मुक्ती', पण '१९ डिसेंबरला मुक्तिदिन'. 'मूर्तीची स्थापना' यात 'ती' दीर्घ, कारण तिथे प्रत्यय लागला आहे. 'मूर्तिस्थापना' यात ऱ्हस्व, कारण तिथे दोन शब्दांचा समास झाला आहे. गणेशचतुर्थीच्या पत्रिकांवर ही दोन्ही रूपे एकाच पानावर येतात आणि हटकून उलटी छापली जातात.

टप्पा ३: गावांची नावे

इथे थोडा वेळ द्या. सामान्य नामाचे नियम गावाच्या नावाला जसेच्या तसे लागत नाहीत.

शेवटी 'आ' असलेली गावे पूर्ण बदलतात. गोवा: गोव्यात, गोव्याचा, गोव्याला, गोव्याहून. फोंडा: फोंड्यात, फोंड्याचा, फोंड्याहून. शिरोडा, होंडा, धारबांदोडा याच वाटेने जातात. म्हापसा: म्हापशात, म्हापशाचा, म्हापशाला. 'म्हापसात' चूक आणि 'म्हापश्यात' हीदेखील चूक.

शेवटी 'ई' किंवा 'ओ' असेल तर काहीच बदलायचे नाही. पणजीत, डिचोलीचा, साखळीला, वाळपईहून, पर्वरीत, कुंकळ्ळीतील, सासष्टीत, वास्कोत, वास्कोचा. प्रत्यय फक्त चिकटवा. म्हणूनच 'पणजी मध्ये' पाहिले की जास्त वाईट वाटते: जिथे काहीच करायचे नव्हते तिथेही शब्द तोडला.

शेवटी 'अ' असलेली गावे अर्धी बदलतात. 'त' लागला की 'आ' येतो: मडगावात, शिरगावात, काणकोणात, माशेलात. पण 'चा', 'ला', 'हून' लागताना नाव तसेच राहते: मडगावचा, शिरगावची जत्रा, काणकोणला, माशेलहून. हाच फरक सामान्य नामात नसतो. 'गाव' या शब्दाचे 'गावाचा' होते, 'मडगाव' या नावाचे 'मडगावचा'. 'मडगावाचा बाजार' असे लिहिले की गावाचे नाव परके वाटू लागते.

शेवटी 'ए' असलेल्या गावांत दोन रूपे चालू आहेत, आणि इथे निर्णय घ्यावा लागतो. पेडणे, पेडण्यात, कुडचडे, कुडचड्यात, कवळे, कवळ्यात, हणजुणे, हणजुण्यात. ही रूपे मराठीच्या वळणाची आहेत, मी तीच वापरतो. 'केपेत', 'सांगेत', 'नुवेत' अशीही रूपे छापून येतात. मांद्र्यासारखे जोडाक्षर वाचताना अडखळायला होते, तिथे 'मांद्रेत' किंवा 'मांद्रे येथे' लिहायला माझी हरकत नाही. एकाच पत्रिकेत वर 'पेडण्यात' आणि खाली 'पेडणेत' असे मात्र नको. जे घ्याल ते शेवटपर्यंत ठेवा.

नावात विशेषण असेल तर तेही बदलते: जुने गोवे, जुन्या गोव्यात.

यातले काहीच जमत नसेल तर 'येथे' हा शब्द आहे. 'येथे' आणि 'येथील' यांच्याआधी नाव मूळ रूपातच राहते आणि मध्ये जागा सुटते: फोंडा येथे, म्हापसा येथील, जुने गोवे येथे. लांब नावाच्या सभागृहानंतर किंवा अनोळखी वाड्याच्या नावानंतर हा मार्ग सर्वांत सुरक्षित. सगळीकडे 'येथे' लावून मजकूर सरकारी करू नका, एवढेच.

तपासा: यादीतले प्रत्येक गाव 'मी ... राहतो' आणि 'मी ... जातो' या वाक्यांत मोठ्याने म्हणा. तोंडाला जे रूप आले तेच कागदावर आहे ना, ते पाहा.

टप्पा ४: देव, माणसे आणि आडनावे

देवाच्या नावाला पूर्ण सामान्यरूप होते. मंगेशाची पालखी, नागेशाच्या देवळात, रवळनाथाचा कौल, बोडगेश्वराच्या जत्रेला, शांतादुर्गेचा उत्सव, महालसेच्या दर्शनाला. लईराई, सातेरी, महालक्ष्मी, कामाक्षी या ईकारान्त नावांना नुसता प्रत्यय: लईराईच्या जत्रेत, सातेरीची ओटी.

ओळखीच्या माणसाच्या नावाला मात्र आजच्या मराठीत ते रूप होत नाही. यामुळे एकाच नावाचे दोन अर्थ वेगळे पडतात, आणि जत्रेच्या पत्रिकेत ते फार महत्त्वाचे असते. 'दामोदराच्या सप्ताहाला' म्हणजे वास्कोच्या देवाच्या सप्ताहाला. 'दामोदरच्या घरी' म्हणजे दामोदर नावाच्या शेजाऱ्याच्या घरी. 'मंगेशाचे तीर्थ' देवाचे, 'मंगेशचे दुकान' माणसाचे. 'प्रसादाचे वाटप' केले तर भाविकांना प्रसाद मिळेल; 'प्रसादचे वाटप' लिहिले तर प्रसाद नावाच्या मुलाने काय वाटले असा प्रश्न पडेल. आकारान्त स्त्रीनावांतही तसेच: पुराणातल्या सीतेचे 'सीतेचा', वर्गातल्या सुनीताचे 'सुनीताचा'.

आडनावाला प्रत्यय लावताना पत्रिकेत 'यांच्या' वापरा. नाईक यांच्या हस्ते, प्रभुदेसाई यांचे व्याख्यान, गावडे यांना. यात आदर आहे, नाव मूळ रूपात राहते आणि कोणाचे मन दुखत नाही. 'यांचे हस्ते' ही जुनी पत्रिकेची धाटणी. 'हस्ते' या शब्दाच्या आधी 'यांच्या' लिहा. एक खबरदारी घ्या: 'श्री. कामतांच्या यांच्या हस्ते' असा दोनदा प्रत्यय लागलेला मजकूर घाईत तयार होतो. नावाला प्रत्यय किंवा 'यांच्या', दोहोंपैकी एकच.

डिसोझा, डिमेलो, डिकोस्टा अशा आडनावांत रोमन लिपीत कधी वर स्वल्पविरामासारखी खूण असते. देवनागरीत ती उतरवायची नाही. डिसोझा यांच्या, डिमेलो यांना, असे सलग लिहा.

टप्पा ५: जोडा

शब्द बदलला, वचन ठरले. आता प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडून टाका. मध्ये जागा नाही, खूण नाही, आडवी रेघ नाही.

साठी, मध्ये, वर, खाली, समोर, मागे, जवळ, पासून, पर्यंत, मुळे, विषयी, नंतर, पूर्वी, ऐवजी, शिवाय, तर्फे, मार्फत, निमित्त, प्रमाणे, बरोबर: हे सगळे नामाला लागले की नामाचे होतात. महिलांसाठी, देवळासमोर, सकाळपासून, आरतीनंतर, समितीतर्फे, जत्रेनिमित्त, रूढीप्रमाणे. एकावर एक आले तरी जोडा: देवळासमोरच्या, पुलाखालून, गावागावांमधील. जोर देणारे 'च' आणि 'ही' देखील चिकटून: वेळेतच, मुलांनाही.

हिंदीत 'मंदिर के सामने' असे तीन शब्द सुटे लिहितात. फोनवरच्या सूचना आणि बोलून लिहिण्याची सोय हीही 'मंदिरा समोर' असे तुकडे पाडते. यंत्राने दिलेले तुकडे हाताने जोडावेच लागतात.

मात्र प्रत्येक 'समोर' चिकटवायचा नाही. 'समोर देऊळ दिसेल', 'आरती होईल, नंतर महाप्रसाद', 'वर पाहा' यांत हे शब्द स्वतंत्र आहेत, कारण आधीच्या नामाला ते लागलेले नाहीत. ओळखायची सोपी रीत अशी: आधीच्या शब्दाचे रूप बदललेले असेल, तर जोडा. 'देवळा' हा शब्द एकटा कुठेच उभा राहू शकत नाही. तो दिसला की पुढचा शब्द त्याला चिकटायलाच हवा. 'देवळाच्या समोर' असे लिहिलेत तर 'च्या' चिकटला आहे, म्हणून 'समोर' सुटा चालतो.

टप्पा ६: चा, ची, चे, च्या यांचा मेळ

हा प्रत्यय पुढच्या शब्दाकडे पाहून ठरतो. समितीचा ठराव, समितीची बैठक, समितीचे कार्यालय. पुढच्या शब्दाला आणखी प्रत्यय लागला की 'च्या': समितीच्या ठरावात, समितीच्या बैठकीला, समितीच्या कार्यालयासमोर. वाक्य आधी लिहून मग शेवटचा शब्द बदलला की इथे चूक राहते. 'पंचायतीचे सभागृह' असे लिहिलेले असते, नंतर कोणी तरी 'सभागृहात' करतो आणि 'पंचायतीचे सभागृहात' छापले जाते.

संस्थेच्या लांबलचक नावात प्रत्यय फक्त शेवटच्या शब्दाला लागतो. नाव कितीही लांब असो, आतले शब्द हलवू नका. साखळी चार 'च्यां'हून लांब झाली तर वाक्य मोडून दोन करा. कोणी मोठ्याने वाचताना दम लागेल.

टप्पा ७: अवतरणचिन्ह, आकडे आणि इंग्रजी शब्द

नाटकाचे किंवा वर्तमानपत्राचे नाव एकेरी अवतरणात असेल, तर प्रत्यय बंद करणाऱ्या चिन्हाला लगेच लागतो: 'गोमन्तक'चा अंक, 'नवप्रभा'त आलेली बातमी. तिथे दिसणारी खूण अवतरणाची आहे. ती पाहून काही जण समजतात की मराठीत 'चा'च्या आधी अशी खूण द्यायचीच असते, आणि मग 'पणजी'चा', '२०२५'चा' असे लिहू लागतात. इंग्रजीत मालकी दाखवायला अपॉस्ट्रॉफी लागते. मराठीत ते काम 'चा' स्वतः करतो. दुकानाच्या देवनागरी फलकावर 'नाईक'स' लिहिण्यापेक्षा 'नाईक यांचे' लिहा, वाचायलाही बरे.

अवतरणातल्या नावाचे सामान्यरूप करायची वेळ आली की पेच पडतो. 'अमुक कला मंडळ' हे नाव अवतरणात आहे आणि पुढे 'मंडळाचे' हवे. चिन्हानंतर नुसता काना टंकला तर तो ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. दोन मार्ग आहेत: अवतरण काढून 'अमुक कला मंडळाचे' लिहा, किंवा 'अमुक कला मंडळ' या संस्थेचे, असे लिहा.

आकड्यांना प्रत्यय सरळ जोडा: २०२५चा, ३१ डिसेंबरपर्यंत, १५ तारखेला. 'दिनांक ३० मे रोजी' लिहिले असेल तर आणखी 'ला' नको. आद्याक्षरांचेही तसेच: गोमेकॉत (म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात), आयटीआयच्या.

इंग्रजी शब्द जुना होऊन मुरला असेल तर तो मराठीसारखा वागतो: बँकेत, कॉलेजात. नवा असेल तर न बदलता 'मध्ये' किंवा 'वर' जोडा: हॉलमध्ये, मॉलमध्ये, व्हॉट्सॲपवर. शेवटी आधीच इंग्रजी अनेकवचनाचा 'स' असेल तर वर मराठी अनुस्वार चढवू नका. 'टीचर्सांना' नको; 'शिक्षकांना' आहेच.

टप्पा ८: टंकलेखन आणि फॉन्ट

बरोबर लिहिलेले इथे बिघडते. सर्वांत आधी 'ऱ्या'. शेतकरी, पदाधिकारी, पुजारी, किनारा, पायरी यांची रूपे शेतकऱ्यांचा, पदाधिकाऱ्यांनी, पुजाऱ्यांच्या, किनाऱ्यावर, पायऱ्यांवर. यात अर्धा 'र' आडवा येतो. 'किनार्यावर' असा रफार दिसला तर तो सूर्य आणि आचार्य यांतला रफार आहे, इथला नव्हे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'जे'च्या कळीवर 'ऱ' येतो. त्याला हलन्त देऊन 'य' द्या. फोनवर हिंदीचा कळफलक चालू असेल तर तो बदलून मराठीचा घ्या.

मग फॉन्ट. पत्रिका छापणाऱ्याकडे किंवा बॅनर करणाऱ्याकडे पुष्कळदा जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. तुमचा मजकूर तिथे रूपांतरित होताना ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते, 'ीं' आणि 'ों' यांवरचे अनुस्वार गळतात, 'ऱ्य' तुटतो. म्हणून मजकुरासोबत बरोबर दिसणारी पीडीएफ द्या, आणि छापणाऱ्याला ती पाहून जुळवायला सांगा.

टप्पा ९: छापण्याआधीची तपासणी

हा नमुना पाहा. अशी नोटीस कुठल्याही गावात दिसेल:

सातेरी देवी च्या जत्रा निमित्त फोंडा मध्ये महिला साठी फुगडी स्पर्धा चे आयोजन मंडळानी केले आहे. स्पर्धा सकाळी १० वाजल्या पासून देऊळ समोर सुरू होईल. विजेत्याना बक्षीसे सरपंचच्या हस्ते देण्यात येतील.

टप्प्यांच्या क्रमाने जा. आधी वचन: महिला अनेक, विजेते अनेक, सरपंच आदरार्थी, मंडळ एक. मग रूप: जत्रा बदलून जत्रे, फोंडा बदलून फोंड्या, स्पर्धा बदलून स्पर्धे, देऊळ बदलून देवळा, बक्षीस अनेकवचनात बक्षिसे. मग जोडणी:

सातेरी देवीच्या जत्रेनिमित्त फोंड्यात महिलांसाठी फुगडी स्पर्धेचे आयोजन मंडळाने केले आहे. स्पर्धा सकाळी १० वाजल्यापासून देवळासमोर सुरू होईल. विजेत्यांना बक्षिसे सरपंचांच्या हस्ते देण्यात येतील.

आता तुमचा मजकूर संगणकावर उघडा आणि 'शोधा'च्या चौकटीत आधी एक मोकळी जागा आणि मग 'मध्ये' टंका. सुटा राहिलेला प्रत्येक 'मध्ये' सापडेल. तसेच 'साठी', 'पासून', 'पर्यंत', 'निमित्त', 'तर्फे', 'चा', 'ची', 'चे', 'च्या', 'ना', 'नी' यांचे करा. 'समोर', 'नंतर', 'वर' यांना शोधताना मात्र प्रत्येक ठिकाण वाचून ठरवा. सगळे एकदम जोडायची आज्ञा देऊ नका. 'ना' आणि 'नी' शोधताना नाटक, नागेश, नीट असे शब्दही समोर येतील, ते सोडून पुढे जा.

यानंतर छापणाऱ्याकडून आलेला नमुना कागदावर मागा. फोनच्या पडद्यावर अनुस्वार आणि धूळ यांत फरक कळत नाही. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने छापील नमुन्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर पाहावे. वाचणाऱ्याने अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घही उच्चारून सांगावेत: 'विजेत्यांना, त्या या अक्षरावर अनुस्वार', 'बक्षिसे, क्षि ऱ्हस्व'. ज्याने मजकूर लिहिला त्याने बोट ठेवण्याचे काम घेऊ नये. त्याच्या डोळ्यांना मनातला मजकूर दिसतो.

सापडलेल्या दुरुस्त्या फोनवर तोंडी सांगू नका. नमुन्यावरच लाल शाईने करा, त्या कागदाचा फोटो पाठवा आणि दुरुस्त नमुना परत मागवा. दुसऱ्या नमुन्यात फक्त दुरुस्त केलेले शब्द पाहून थांबू नका. त्या ओळी पूर्ण वाचा, कारण एक अक्षर बदलताना शेजारची वेलांटी हलते. सही त्यानंतर.